पाणी अडवले, आता ताळेबंद मांडा

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा परतीचा पाऊस आटोपत आलेला असेल आणि गावोगाव रब्बीची तयारी सुरू झालेली असेल. पाणलोटात काम करणाऱ्यांचा हा तसा उसंतीचा काळ. चर खोदून झाले, नाला बांध भरले, मोजमाप पुस्तिका मिटली. पण गावाच्या वर्षभराच्या पाण्याचा निकाल याच दोन-तीन आठवड्यांत लागतो. कोण हरभरा पेरणार, कोण उन्हाळी कांदा धरणार, कोण उसाचे बेणे आणणार, हे आत्ता ठरते. बहुतेक गावांत ते ज्याच्या त्याच्या बांधावर ठरते, ग्रामसभेत नाही.

हिवरे बाजारचे नाव या क्षेत्रात सर्वांच्या तोंडी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हे गाव. पाऊस वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास, आणि १९७२च्या दुष्काळानंतर पोट भरायला बाहेर पडलेली कुटुंबे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढच्या वर्षांत डोंगरउतारावर सलग समतल चर, झाडे, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान हे सारे झाले. शिवारफेरीला येणारी मंडळी हेच पाहून, फोटो काढून परततात. त्यांच्या वहीत क्वचितच उतरते ती गोष्ट वेगळी आहे. या गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही असे ठरवले, ऊस आणि केळी ही बारमाही पिके नाकारली आणि २००४ पासून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला. पाऊस किती पडला, निरीक्षण विहिरींत पाणी किती आहे, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, हे आधी पाहायचे. उरलेल्या पाण्यावर रब्बीची पिके ठरवायची. पाऊस कमी झाला त्या वर्षी गावाने पिकांना कात्री लावली. चर इतरांनीही खोदले. हिवरे बाजार टिकले ते चरांच्या जोडीला हा नियम पाळला गेला म्हणून.

हवामानबदलाच्या काळात या नियमाचे मोल वाढले आहे. मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये दाखवून दिले. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पाऊस एका दिवसात बदाबदा पडतो आणि मग तीन आठवडे तोंड फिरवतो. अशा पावसात वाहून जाणारे पाणी अधिक, मुरणारे कमी.

त्यात आपला खडक. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्टचा आहे. पाणी साठते ते वरच्या मुरमात, कुजलेल्या खडकात आणि फटींत. खाली निबर कातळ. दोनशे मीटर खोल बोअर घेतल्याने गावात नवे पाणी येत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीकडचे पाणी आपल्याकडे ओढले जाते, एवढेच. विहीर सातबाऱ्यावर एकाच्या नावाने असली तरी तिच्यातले पाणी सगळ्या शिवाराचे आहे, हे समजावून सांगणे कार्यकर्त्याच्या कामातले सर्वांत अवघड काम असावे.

पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे यांनी हे अवघड काम अर्धशतकापूर्वी हाती घेतले. १९७२च्या दुष्काळाने हादरून ते पुरंदर तालुक्यातील नायगावात गेले, आणि तिथून ग्राम गौरव प्रतिष्ठान व पाणी पंचायत उभी राहिली. त्यांचे नियम आजही अंगावर येतात. पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या मापाने द्यायचे, माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ऊस नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही. त्यांच्या अनेक उपसा योजना पुढे थांबल्या, हेही खरे आहे. पण समन्यायाचा प्रश्न त्यांनी इतक्या स्वच्छपणे मांडला की आजचा कोणताही जलसुरक्षा आराखडा त्याला वळसा घालू शकत नाही. किंबहुना, घालू नये.

उलट उदाहरणही समोर आहे. डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६०० कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. लोकसहभागही मोठा होता. तरीही भूजलपातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असा निष्कर्ष महालेखापरीक्षकांच्या २०२० मधील अहवालाने काढला. त्यावर राजकीय वाद बरेच झाले. या क्षेत्रातल्या लोकांनी त्यातून घ्यायचा धडा साधा आहे: साठा वाढवला आणि उपशावर बंधन नसेल, तर वाढलेले पाणी पुढच्याच हंगामात नव्या बोअरमधून आणि उसातून निघून जाते. प्लास्टिक अंथरलेली शेततळी विहिरीच्या पाण्याने भरली जातात तेव्हाही हेच घडते.

आता यात सौरपंपाची भर पडली आहे. सूर्याची वीज स्वच्छ आहे, दिवसाच्या भारनियमनातून शेतकऱ्याची सुटका करते, म्हणून तिचे स्वागतच. पण पंप चालवण्याचा खर्च शून्यावर आला की तो बंद करण्याचे कारणही उरत नाही. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी यावर वाट काढली. २०१६ मध्ये सहा जणांनी सहकारी मंडळी स्थापून सौरपंप ग्रीडला जोडले आणि उरलेली वीज कंपनीला विकायला सुरुवात केली. पंप बंद ठेवला तरी पैसे मिळू लागले, त्यामुळे गरज नसताना पाणी उपसण्याचा मोह कमी झाला. महाराष्ट्रात सौरपंप वाटणाऱ्या प्रत्येक यंत्रणेने हा प्रयोग नीट अभ्यासायला हवा.

कायद्याचा आधार नाही असेही नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोताच्या संरक्षणाची तरतूद आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेने ग्रामपंचायत पातळीवर जलसुरक्षा आराखडे करायला लावले. पण आराखडा सल्लागाराने तालुक्याला बसून तयार केला आणि ग्रामसभेत त्यावर फक्त सह्या झाल्या, तर तो कपाटातच राहणार.

म्हणून वाचकांना या अंकातून एकच विनंती. तुम्ही काम करता त्या गावांपैकी एक गाव निवडा. तिथल्या दहा विहिरींची पातळी शाळेतल्या मुलांना बरोबर घेऊन मोजा. पर्जन्यमापकाची नोंद आणि त्या पातळ्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहा. पेरणीआधी ग्रामसभा बोलवा, तिथे बायकांना आणि भूमिहीनांना आवर्जून आणा आणि यंदा काय पेरायचे याची चर्चा त्या आकड्यांसमोर होऊ द्या. पहिल्या वर्षी नियम होणार नाही, कदाचित भांडणच होईल. तरीही एप्रिलमध्ये त्याच दहा विहिरी पुन्हा मोजा आणि दोन्ही वेळचे आकडे आमच्याकडे पाठवा. जूनच्या अंकातली पाने त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत.