मीटर मोजायचे की माहिती?

केंद्र सरकारच्या खनिजशोधाचा वार्षिक आढावा घेताना विंधणाचा आकडा आवर्जून दिला जातो. उद्दिष्ट इतके मीटर, पूर्तता इतके मीटर. हा हिशेब वाचणाऱ्याचा असा समज होतो की, जमिनीत जितकी अधिक आणि जितकी खोल छिद्रे पाडावीत तितकी देशाची खनिजसंपत्ती वाढत जाते. वस्तुतः विंधणयंत्र धातू निर्माण करीत नाही. ते केवळ माहिती वर आणते. ती माहिती किती खर्चात मिळाली, तिच्या आधारे पुढला निर्णय कोणता झाला आणि अखेर ती कोणाच्या हाती राहिली, हे तीन प्रश्न मीटरच्या आकड्यात कोठेच उमटत नाहीत. तांबे व जस्त यांच्या शोधाला नव्या कायद्याने चालना देण्याचा प्रयत्न होत असताना नेमके हेच प्रश्न विचारले गेले पाहिजेत.

या दोन धातूंची भारतातील कहाणी बोलकी आहे. राजस्थानातील जावर येथे मध्ययुगातच जस्ताचे ऊर्ध्वपातन मोठ्या प्रमाणावर होत असे. तरीही आधुनिक भारताला जस्ताच्या बाबतीत खरा आधार मिळाला तो १९७७ नंतर. त्या वर्षी भीलवाडा जिल्ह्यातील रामपुरा-आगुचा येथील साठा राजस्थान सरकारच्या खाण व भूविज्ञान विभागाने उजेडात आणला. १९९१ मध्ये तेथील खाण सुरू झाली आणि जगातील सर्वांत मोठ्या जस्ताच्या खाणींत तिची गणना होऊ लागली. आज देश जस्ताबाबत बव्हंशी स्वावलंबी आहे, त्यात या एका शोधाचा वाटा फार मोठा आहे.

तांब्याचे चित्र याच्या उलट आहे. खेत्री, सिंगभूम आणि मध्य प्रदेशातील मलांजखंड येथील खाणी १९६७ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीकडे आहेत. परंतु त्यांचे उत्पादन देशाच्या गरजेपुढे अगदी तोकडे आहे. खासगी शुद्धीकरण कारखाने आयात केलेल्या खनिजावर चालतात. २०१८ मध्ये तुतिकोरिन येथील कारखाना बंद झाल्यावर देश शुद्ध तांब्याचाही निव्वळ आयातदार बनला. त्या कारखान्यावरून वाद पुष्कळ झाला. पण कारखाना चालू असतानाही खनिज बाहेरूनच येत होते, ही गोष्ट त्या वादात झाकली गेली. २०२३ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या तीस निर्णायक खनिजांच्या यादीत तांबे आहे आणि जस्त नाही, याचा अर्थ उघड आहे. दोन धातूंच्या नशिबातील या फरकात भूगर्भरचनेचा वाटा अर्थातच आहे. परंतु तांब्याच्या शोधात आपण किती चिकाटीने व किती पद्धतशीरपणे विंधण केले, हाही प्रश्न उरतोच.

विंधणापूर्वीची साधने संशय निर्माण करतात, खात्री देत नाहीत. भूपृष्ठावरील खडकांचे नकाशे, माती व ओढ्यांतील गाळ यांचे रासायनिक पृथक्करण, विमानातून केलेले चुंबकीय व विद्युतचुंबकीय सर्वेक्षण या साऱ्यांतून संशयाच्या जागा हाती येतात. तांब्याची सल्फाइड खनिजे विजेची वाहक असल्याने उपकरणांना त्यांची चाहूल लागते; पण ग्रॅफाइटयुक्त खडकही तसाच संकेत देतो. जस्ताचे प्रमुख खनिज तर विजेचे मंदवाहक असल्याने बहुधा सोबतच्या इतर खनिजांमुळेच त्याचा माग लागतो. ग्रॅफाइट कोणते आणि तांबे कोणते, हे हिऱ्याचे कण बसवलेल्या पोकळ पात्याने कापून वर काढलेला खडकाचा गाभाच सांगू शकतो. म्हणून बहुतेक छिद्रे रिती निघणार, हे या व्यवसायात गृहीतच धरावे लागते. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कोरडी बोअर कर्जात लोटते, कारण त्याला दुसरी घेण्याची ऐपत नसते. खनिजशोधात मात्र रिते छिद्रही पुढल्या छिद्राची जागा ठरविते. अट एवढीच की, त्यापासून काही शिकण्याची व्यवस्था आधी केलेली असावी.

अशा व्यवस्थेलाच विंधणाचा आराखडा म्हणावयाचे. चांगल्या आराखड्यात छिद्रांची संख्या आरंभीच कायमची ठरवून टाकलेली नसते. पहिल्या टप्प्यात वेगवेगळ्या संशयस्थळांवर थोडी, दूरदूरची छिद्रे घेतली जातात. थर ज्या दिशेने कललेले असतील त्यांना आडवे छेदता यावे म्हणून ती बहुधा तिरपी असतात. प्रत्येक टप्प्याअखेर थांबावयाचे, पुढे जावयाचे की जागा बदलावयाची, याचा निकष आधी लिहून ठेवलेला असतो. खनिज सापडल्यावरच छिद्रांमधील अंतर कमी करीत साठ्याचा विस्तार आणि प्रत निश्चित केली जाते. मीटरचे उद्दिष्ट गाठण्याची घाई झाली की हा क्रम उलटतो. जेथे पोचणे सोपे तेथे विंधण होते आणि जेथे शंका अधिक मोलाची तेथे ते राहून जाते.

ऑस्ट्रेलियातील ऑलिंपिक डॅमचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७५ मध्ये तेथील पहिल्याच छिद्रात तांबे लागले, पण ते खाणीचा भरवसा देण्याइतके नव्हते. त्यानंतरच्या काही छिद्रांनी निराशा केली. १९७६ च्या अखेरीस दहाव्या छिद्रात सुमारे १७० मीटर जाडीचा, दोन टक्क्यांहून अधिक तांब्याचा पट्टा लागला आणि जगातील एका प्रचंड साठ्याची ओळख पटली. हा साठा सुमारे साडेतीनशे मीटर जाडीच्या निर्धातुक खडकाखाली दडलेला होता. पाचव्या छिद्रानंतर हिशेबनीसाने वही मिटली असती, तर त्याला कोणी दोषही दिला नसता.

चिकाटीला मर्यादा कोणती, याचे उत्तर साध्या गणितात आहे. समजा, एका संशयस्थळी साठा सापडण्याची शक्यता दहात एक आहे. अशी दहा स्वतंत्र स्थळे तपासली तरी एकही साठा न सापडण्याची शक्यता सुमारे पस्तीस टक्के उरते. वीस स्थळे तपासली तर ती सुमारे बारा टक्क्यांवर येते. प्रत्यक्षातील शक्यता याहून पुष्कळ कमी असू शकतात. तात्पर्य असे की, दोन-चार स्थळांपुरते भांडवल घेऊन उतरणारा छोटा उद्योजक बुद्धीने कमी नसला तरी नशिबाच्या फेऱ्यात बुडण्याचा संभव मोठा असतो. ही जोखीम अनेक स्थळांवर वाटून घेण्याची ताकद मोठ्या भांडवलाकडे अथवा शासनाकडेच असते. भारतात ती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि नागपूरला मुख्यालय असलेले खनिज समन्वेषण महामंडळ यांनी दीर्घकाळ पेलली. खाणपट्टेदारांकडून स्वामित्वधनाच्या दोन टक्के रक्कम घेऊन २०१५ मध्ये खनिजशोधासाठी राष्ट्रीय न्यासही स्थापन झाला. पैशाची सोय काही अंशी झाली. प्रोत्साहनाची घडी मात्र नीट बसली नाही.

२०१५ च्या दुरुस्तीने खाणपट्ट्यांचे वाटप लिलावाने होऊ लागले. मर्जीतल्या माणसाला पट्टा देण्याच्या प्रकारांना त्यामुळे आळा बसला, हे निःसंशय. परंतु त्याचबरोबर शोधणाऱ्याचा साठ्यावरील हक्कही संपला. स्वतःच्या पैशाने शोध घ्यावयाचा आणि सापडलेला साठा लिलावात दुसऱ्याने न्यावा, अशा व्यवस्थेत खासगी भांडवल येणार नाही, हे सांगावयास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नव्हती. २०२३ च्या दुरुस्तीने तांबे व जस्त यांसह एकोणतीस खनिजांसाठी समन्वेषण परवाना आणला. परवानाधारकाने साठा सिद्ध केला की राज्य सरकारने सहा महिन्यांत पट्ट्याचा लिलाव करावयाचा आणि लिलावातील अधिमूल्याचा ठरलेला हिस्सा शोधणाऱ्याला मिळावयाचा. जो सर्वांत कमी हिस्सा मागेल त्याला परवाना. अशा परवान्यांचा पहिला लिलाव मार्च २०२५ मध्ये गोव्यात पुकारण्यात आला.

योजना स्वागतार्ह आहे. पण तिच्यातील काळाचा हिशेब तपासला पाहिजे. आगुचा येथे शोधापासून उत्पादनापर्यंत चौदा वर्षे गेली, ऑलिंपिक डॅमला तेरा. चौदा वर्षांनी मिळणाऱ्या एक कोटी रुपयांचे आजचे मोल बारा टक्के दराने सुमारे साडेवीस लाख भरते. त्यातही हिस्सा कमीत कमी मागण्याची स्पर्धा! खनिज प्रत्यक्ष खाणीबाहेर पडेपर्यंत पदरात काही पडणार नसेल, तर गंभीर उद्योजक दूर राहतील आणि परवाना अडवून ठेवणारे तेवढे पुढे येतील, ही भीती अनाठायी नाही. तेव्हा साठा सिद्ध होताच काही रक्कम हाती पडावी आणि विंधणाच्या खर्चाचा एक भाग न्यासाने सोसावा, हे दोन्ही आवश्यक आहे. २०२५ च्या दुरुस्तीने न्यासाचा वाटा तीन टक्क्यांवर नेला असल्याने साधनांची अडचण सांगता येणार नाही.

मात्र सार्वजनिक पैसा द्यावयाचा तर माहितीही सार्वजनिक झाली पाहिजे. कॅनडातील टिमिन्सजवळच्या किड क्रीकचे उदाहरण याबाबत विसरता येत नाही. टेक्सास गल्फ सल्फर या कंपनीने नोव्हेंबर १९६३ मध्ये तेथे पहिले छिद्र घेतले आणि सुमारे सहाशे फूट लांबीच्या गाभ्यात तांबे व जस्त विपुल आढळले. कंपनीने ही गोष्ट गुप्त ठेवली, यंत्र हलविले आणि रिताच गाभा निघेल अशा जागी मुद्दाम दुसरे छिद्र घेतले. आजूबाजूची जमीन स्वस्तात मिळावी हा हेतू होता. त्या काळात कंपनीतील काही माहीतगारांनी तिचे भाग खरेदी केले. पुढे हे प्रकरण अमेरिकन न्यायालयात गेले आणि १९६८ चा तो निर्णय भागबाजाराच्या कायद्यात पायाभूत ठरला. विंधणातून निघणारी खरी संपत्ती माहिती हीच असते, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

याच्या नेमके उलट धोरण दक्षिण ऑस्ट्रेलियाने २००४ पासून अवलंबिले. निवडक विंधणांच्या खर्चात राज्याने वाटा उचलावयाचा आणि त्यांची फलिते सर्वांसाठी खुली करावयाची. २००५ मध्ये अशाच साहाय्याने घेतलेल्या छिद्रातून कॅरापटीनाचा तांब्याचा साठा सापडला. २०१९ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. त्या राज्यात गाभ्यांचे ग्रंथालयच आहे, जेथे जुन्या छिद्रांचे खडक नव्या शोधकाला पुन्हा तपासता येतात. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये भूवैज्ञानिक माहितीचे राष्ट्रीय भांडार खुले झाले, हे योग्य पाऊल होय. त्यात रित्या छिद्रांची नोंदही तितक्याच तपशिलाने आली पाहिजे. अपयश दडविले की तेच अपयश दुसरा कोणी पुन्हा पैसे मोजून विकत घेतो.

माहिती खुली असावी तशी ती विश्वसनीयही असावी. इंडोनेशियातील बुसांग येथे नमुन्यांत सोने मिसळून रचलेला साठा १९९७ मध्ये खोटा ठरला आणि ब्रे-एक्स ही कंपनी कोसळली. गाभा उभा चिरून अर्धा भाग जपून ठेवणे, ज्ञात प्रतीचे नमुने गुपचूप मिसळून प्रयोगशाळेचीच परीक्षा घेणे, या वरकरणी कारकुनी वाटणाऱ्या दक्षता म्हणूनच आराखड्याचा कणा आहेत.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. नागपूर जिल्ह्याच्या कोलारी-भानोरी परिसरात जस्ताचे आणि चंद्रपूर जिल्ह्यातील ठाणेवासना परिसरात तांब्याचे खनिज असल्याची नोंद सरकारी सर्वेक्षणांत आहे. विदर्भातील अशा भागांत शेते, जंगले आणि विहिरी आहेत, माणसे आहेत. २०२३ च्या वनकायद्यातील दुरुस्तीने सर्वेक्षण व समन्वेषण यांना केंद्राच्या अटींवर वनेतर वापराच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे. कायद्याची वाट सोपी झाली, म्हणून गावाला सांगण्याची जबाबदारी संपत नाही. यंत्र गावात कशासाठी आले, छिद्र केव्हा बुजविले जाईल, पाण्याच्या पातळीवर कोण लक्ष ठेवील, हे ग्रामसभेत मराठीत सांगितले गेले पाहिजे. किड क्रीकच्या जमीनमालकांना जे कळले नाही ते ठाणेवासनाच्या शेतकऱ्याला कळावे, एवढी अपेक्षा लोकशाहीत अवाजवी ठरू नये.

यापुढे खनिजशोधाचा आढावा घेताना मीटरच्या आकड्याशेजारी आणखी काही रकाने असावेत: किती संशयस्थळे तपासली, किती निकाली काढली व कोणत्या कारणाने, किती पुढल्या टप्प्यात गेली आणि किती छिद्रांची माहिती जनतेला खुली केली. हे रकाने भरण्यास फारसा खर्च येत नाही. परंतु ते भरावे लागणार हे ठाऊक असले, तर विंधणयंत्र कोठे उभे करावयाचे याचा विचार ते उभे करण्यापूर्वी होईल. तांब्यासाठी परदेशी खनिजावर विसंबून राहिलेल्या देशाला इतपत शिस्त आता लावून घ्यावीच लागेल.