मामांचं घोरणं

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत घोरणं हा चेष्टेचा विषय. पण खूप वजन असलेला माणूस आयसीयूत गेला, की ती कामाची माहिती ठरते.

श्वासासाठी घशातून नळी घालताना बहुतेक वेळा भूल देतात आणि रुग्णाचा श्वास थांबतो. नळी बसेपर्यंत फुप्फुसांत आधी भरून ठेवलेल्या ऑक्सिजनवर भागवायचं. अतिलठ्ठ माणूस उताणा झोपला की पोटाचा भार फुप्फुसांवर येतो. आमच्या भाषेत, बॅटरी लहान आणि लोड मोठा. सडपातळ, निरोगी माणसाला सहाएक मिनिटं मिळतात, याला तीनही नाहीत. म्हणून चादरींच्या घड्या रचून डोकं-खांदे उचलतात, कान छातीच्या हाडाच्या वरच्या टोकाच्या रेषेत येईपर्यंत. एवढ्या महागड्या यंत्रांमध्ये चादरी कामाला येतात, याची मला गंमत वाटली.

मामांना न्यूमोनिया झाला तेव्हा मामी घोरण्याबद्दल बोलायलाच तयार नव्हती. "चारचौघांत काय सांगायचं?" त्यांचा श्वास झोपेत मध्येच थांबतो, हे तिला कित्येक वर्षं ठाऊक. तिने सांगितल्यावर अनुभवी भूलतज्ज्ञ आले, कॅमेऱ्याचा लॅरिंगोस्कोप आधीच तयार ठेवला.

मामांचं वजन १४० किलो, उंची १७० सेंटिमीटर. व्हेंटिलेटरचा हिशोब मात्र ६६ किलोंचा! वजन वाढलं तरी फुप्फुसं वाढत नाहीत, म्हणून एका श्वासाला किती हवा द्यायची ते उंचीवरून काढतात. १४० धरले तर फुप्फुसांना इजाच व्हायची.

तुमच्याकडे कुणी सीपॅप मशीन लावत असेल, किंवा मागच्या ऑपरेशनला नळी घालताना त्रास झाला असेल, तर ते आजच फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.