विश्लेषण : सर्व्हिसिंगला दिला रेग्युलेटर, हाती आलं भलतंच बिल, न विचारता केलेल्या दुरुस्तीचे पैसे द्यावे लागतात का?

पावसाळा सरला की मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर स्कूबाच्या बोटी पुन्हा दिसू लागतात. तिथे थोड्या वेळासाठी पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकाला साहित्याची चिंता नसते. मास्क, सिलिंडर, रेग्युलेटर, सगळं बोटवाल्याचं. पण रीतसर कोर्स करून अंदमान, नेत्राणी किंवा परदेशात डाइव्हिंगला जाणारी हौशी मंडळी स्वतःचं साहित्य घेतात, आणि सीझनच्या तोंडावर ते सर्व्हिसिंगला टाकावं लागतं. वादाला तोंड फुटतं ते तिथे.

समजा, पुण्यातल्या एका ग्राहकाने आपला रेग्युलेटर कुरिअरने दुसऱ्या शहरातल्या दुकानात पाठवला. फोनवर बोलणं झालं ते 'नेहमीचं सर्व्हिसिंग, साधारण सहा हजार' इतकंच. तीन आठवड्यांनी बिल आलं १९,४०० रुपयांचं. त्यात दोन नवे होज, जॅकेटच्या इन्फ्लेटरचा एक पार्ट आणि 'तातडीच्या कामाचा' आकार. ग्राहक म्हणतो, हे मी सांगितलंच नव्हतं. दुकानदार म्हणतो, जुने होज लावून माल परत दिला असता आणि पाण्यात काही झालं असतं, तर जबाबदार कोण? पैसे भरा आणि घेऊन जा.

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. मिक्सर किंवा गिझरच्या दुरुस्तीवरून होणाऱ्या भांडणापेक्षा हे भांडण वेगळं आहे ते त्यामुळेच.

रेग्युलेटर उघडला की काय होतं?

भरलेल्या सिलिंडरमध्ये हवेचा दाब साधारण २०० बार असतो. तो थेट तोंडात घेणं शक्य नाही. सिलिंडरच्या तोंडाशी बसणारी 'फर्स्ट स्टेज' हा दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त, इतका खाली आणते. तोंडाजवळची 'सेकंड स्टेज' तो आणखी उतरवून श्वास घेता येईल इतका करते. शिवाय सोबत्यासाठी एक जादा सेकंड स्टेज असते, तिला 'ऑक्टोपस' म्हणतात. म्हणजे एका रेग्युलेटरमागे उघडायच्या वस्तू तीन.

सर्व्हिसिंगमध्ये हे तिन्ही भाग पूर्ण सुटे करतात, अल्ट्रासॉनिक यंत्रात धुतात, ओ-रिंग आणि सीट बदलतात, दाब पुन्हा लावून तपासतात. बदलायच्या भागांचं कंपनीचं ठरलेलं 'किट' असतं आणि ते सहसा कंपनीने प्रशिक्षण दिलेल्या तंत्रज्ञालाच मिळतं. बिलात बहुतेकदा प्रत्येक स्टेजची मजुरी वेगळी आणि प्रत्येक स्टेजचं किट वेगळं लागतं. 'एका रेग्युलेटरचं सर्व्हिसिंग' असं समजून चालणाऱ्या ग्राहकाला पहिला धक्का इथेच बसतो. ही लबाडी नाही, पण आधी न सांगणं ही चूक नक्कीच आहे.

दुसरी गोची वॉरंटीची. काही कंपन्या 'आयुष्यभर पार्ट मोफत' अशी हमी देतात. अट अशी की सर्व्हिसिंग ठरलेल्या मुदतीत आणि अधिकृत केंद्रातच झालं पाहिजे, आणि मजुरी मात्र ग्राहकाने द्यायची. एक वर्ष चुकलं की हमी संपते आणि पुढच्या वेळी किटचे पैसे बिलात येतात. ग्राहकाला मात्र 'मोफत' एवढाच शब्द आठवत असतो.

खरी अडचण तिसरी आहे. बिघाड किती आहे हे बऱ्याचदा उघडल्यावरच कळतं. खाऱ्या पाण्याने आतून गंज धरला असेल, होजला मुळाशी चिरा पडल्या असतील, तर ते फोनवर कुणीच सांगू शकत नाही. आणि एकदा उघडलेला रेग्युलेटर जुन्या ओ-रिंग घालून 'होता तसा' परत देणं तंत्रज्ञ टाळतो. त्याचं बरोबर आहे, कारण हे पाण्याखाली जीव राखणारं साधन आहे.

पण यावरून न विचारता काम करायची मुभा मिळत नाही. सरळ मार्ग उपलब्ध असतो : ग्राहकाला फोटो पाठवून विचारायचं, आणि तो नाही म्हणाला तर तपासणीचे ठरलेले पैसे घेऊन सुटे भाग पिशवीत भरून 'डाइव्हिंगसाठी वापरू नये' अशी चिठ्ठी लावून परत द्यायचे. सुरक्षिततेचा मुद्दा इतकंच मागतो. त्यापुढे बिल वाढवायला तो पुरत नाही.

कायदा कुणाच्या बाजूने?

दुरुस्ती हा करार आहे. करार होतो तो ठरलेल्या कामाचा. अंदाज तोंडी असला तरी कामाची व्याप्ती ठरलेली असते आणि तिच्याबाहेरच्या कामासाठी नवी संमती लागते.

२०२० च्या जुलैपासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतल्या 'त्रुटी'ची व्याख्या आधीपेक्षा रुंद आहे. ग्राहकाला कळायला हवी अशी माहिती जाणूनबुजून दडवणं हेही त्रुटीत मोडतं. होज बदलावे लागणार हे काम सुरू असताना दुकानदाराला माहीत होतं आणि त्याने बिल बनेपर्यंत कळवलं नाही, तर ग्राहकाला या शब्दांचा आधार घेता येतो. दिलेल्या सेवेचं बिल किंवा पावती नाकारणं ही याच कायद्याने 'अनुचित व्यापारी प्रथा' ठरते. 'कच्च्या कागदावर' आकडा लिहून देणाऱ्यांसाठी ही तरतूद कामाची आहे.

'पण फायदा तर तुम्हालाच झाला ना?'

दुकानदाराचा हा सर्वांत मजबूत मुद्दा, आणि त्याला कायद्यात जागाही आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७० सांगतं की, एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे आणि फुकट करण्याचा हेतू नसताना काही केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई द्यावी. नवे होज तर ग्राहक वापरणारच आहे. मग पैसे का नको?

याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल या १९६१ च्या निकालात दिलेलं आहे. ते प्रकरण सरकारसाठी केलेल्या बांधकामाचं होतं, स्कूबाचं अर्थातच नाही. पण न्यायालयाने सांगितलेलं तत्त्व इथे तंतोतंत बसतं : समोरच्याला ती वस्तू किंवा काम नाकारण्याची मोकळीक असली पाहिजे. त्याने स्वखुशीने स्वीकारलं तरच देणं लागू होतं. न मागितलेली सेवा कुणाच्या गळ्यात मारून पैसे वसूल करण्यासाठी हे कलम नाही.

आता हे रेग्युलेटरला लावून पाहा. होज पान्याने काढता येतो. 'मला नको, काढून घ्या आणि माझा जुना द्या' असं ग्राहक म्हणू शकतो, आणि असं म्हणूनही दुकानदाराने तो काढला नाही तर कलम ७० चा आधार डळमळीत होतो. उलट, बिल पाहून काहीच न बोलता ग्राहक तोच होज घेऊन पाण्यात उतरला, तर 'लाभ घेतला' हे सिद्ध करणं दुकानदाराला सोपं जातं. त्यामुळे हरकत घ्यायची ती वस्तू ताब्यात घेताना, महिन्याभराने नव्हे. जुने भाग मागून घेणंही त्याच वेळी शक्य असतं. नंतर ते कचऱ्यात गेलेले असतात.

पैसे दिल्याशिवाय वस्तू अडवता येते?

काही मर्यादेत, होय. करार कायद्याचं कलम १७० दुरुस्ती करणाऱ्याला हा हक्क देतं. त्याने ठरलेल्या कामात कष्ट किंवा कौशल्य घातलं असेल, तर त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. कायद्याने स्वतःच दिलेलं उदाहरण जवाहिऱ्याचं आहे. पैलू पाडायला दिलेला हिरा तो मजुरी मिळेपर्यंत ठेवू शकतो. शेजारचं दुसरं उदाहरण शिंप्याचं. त्याने कोट शिवून होताच द्यायचं आणि पैशांसाठी तीन महिन्यांची मुदत कबूल केली असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही.

मात्र हा हक्क वस्तू ज्या कामासाठी सोपवली त्याच कामापुरता आहे. सहा हजारांच्या ठरलेल्या सर्व्हिसिंगसाठी दुकानदार रेग्युलेटर ठेवू शकतो. न सांगितलेल्या १३,४०० रुपयांसाठी तो अडवण्याला याच कलमातून उत्तर मिळतं. मागच्या सहलीची थकबाकी राहिली आहे म्हणून आजचा रेग्युलेटर ठेवून घेणंही बसत नाही. कुठल्याही जुन्या येण्यासाठी माल रोखण्याचा सर्वसाधारण हक्क, वेगळा करार नसेल तर, कलम १७१ ने बँका, अडते, धक्क्याचे मालक, उच्च न्यायालयातले वकील आणि विमापत्राचे दलाल यांनाच दिला आहे. दुरुस्तीवाला त्या यादीत नाही.

व्यवहारात मात्र वस्तू त्याच्या कपाटात असते आणि ग्राहकाचं विमान शुक्रवारी असतं. अशा वेळी पैसे भरून वस्तू सोडवणं चुकीचं नाही. फक्त 'वाढीव रकमेला हरकत नोंदवून, वस्तू मिळावी म्हणून भरत आहे' एवढं बिलावर किंवा संदेशात लिहावं. नाहीतर पुढे 'तुम्ही तर राजीखुशीने दिले' असं ऐकावं लागतं.

'उत्तर आलं नाही, म्हणून काम केलं'

व्हॉट्सॲपवर हे वाक्य आता फार दिसतं. 'दोन दिवसांत कळवलं नाही तर होकार समजू.' यावर इंग्लंडच्या न्यायालयाने १८६२ मध्येच निकाल दिला आहे. एका काकाने पुतण्याला पत्र लिहिलं की घोड्याविषयी काही कळवलं नाहीस तर तो ३० पौंड १५ शिलिंगला माझा झाला असं समजेन. पुतण्या गप्प राहिला. न्यायालयाने सांगितलं, गप्प बसण्याने करार होत नाही. फेल्टहाऊस विरुद्ध बिंडली या नावाने हा खटला भारतातही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो.

अर्थात, जमा पावतीवर सुरुवातीलाच अशी अट छापलेली असेल आणि ग्राहकाने सही केली असेल, तर चित्र बदलतं. मग भांडण संमती होती की नाही यावरून निघून अट वाजवी होती का यावर येतं.

बाहेर काय नियम आहेत?

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये मोटार दुरुस्तीसाठी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून स्वतंत्र यंत्रणा आहे. लेखी अंदाज आणि ग्राहकाची मंजुरी असल्याशिवाय कामही नाही आणि आकारही नाही, असा तिथला नियम. कॅनडातल्या ओंटारिओच्या २००२ च्या ग्राहक कायद्यात करारात अंदाज दिलेला असेल, तर त्याहून १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही. वाढवायचं असेल तर ग्राहकाची नवी संमती हवी.

भारतात दुरुस्तीसाठी असा थेट आकड्याचा नियम नाही. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, पण त्याचा भर शेती अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं यांवर आहे. त्यामुळे सगळा भार जमा पावतीवर येतो. त्यावर तीन ओळी असल्या तरी पुष्कळ : काय काम करायचं, किती रुपयांपर्यंत न विचारता करायचं, आणि त्यापुढे कुणाला फोन करायचा.

तक्रार कुठे करायची?

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे कंपनी किंवा दुकानाशी बोलून प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न होतो. तो फसला तर जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली : ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं. दुकान गोव्यात किंवा चेन्नईत असलं तरी पुण्याच्या ग्राहकाला पुण्यात दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची.

मालवणच्या किनाऱ्यावर बोट चालवणाऱ्यासाठी मात्र एक पेच आहे. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला हा कायदा सहसा लागू होत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला अपवाद दिलेला आहे, पण २०१९ च्या कायद्यातले शब्द 'विकत घेऊन वापरलेल्या वस्तूं'विषयी आहेत, सेवेचा उल्लेख तिथे नाही. त्यामुळे दोन-चार सेट घेऊन स्वतःच पर्यटकांना उतरवणाऱ्या बोटवाल्याने वाढीव बिलाविरुद्ध तक्रार केली, तर 'तुम्ही ग्राहकच नाही' हा मुद्दा समोरून येऊ शकतो. तिथे त्याला दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागेल, आणि सीझन तेवढा वेळ थांबत नाही.