अपूर्णविरामाचा अधिकार

इंग्रजी मजकुरात अपूर्णविराम घालण्यापूर्वी त्याच्या आधीचे वाक्य स्वयंपूर्ण आहे की नाही, एवढीच तपासणी आमचे अर्जनवीस आणि पदवीधर करतील, तर क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये, किंवा ‘सच अ‍ॅज’च्या पाठोपाठ, ही दोन टिंबे विनाकारण अवतरणार नाहीत. इंग्रजी कोशकार फाउलरने १९२६ साली आपल्या कोशात या चिन्हाकडे विशेष काम सोपविले, ते असे की पूर्वार्धाने जे देऊ केले ते उत्तरार्धात हजर करावे. ज्या वाक्याने काही देऊच केले नाही, त्याच्यापुढे ते मांडणे म्हणजे वसुलीवाचून पावती फाडणे होय. चिन्हापुढे आडवी रेघ ओढण्याची आपल्या दफ्तरांतील चाल तर एकोणिसाव्या शतकातील विलायती छापखान्यांची मिरास. विलायतेने ती केव्हाच टाकली, आम्ही मात्र ‘सब्जेक्ट’पुढे ती अद्याप इमानेइतबारे ओढीत आहोत.