चकमकीवर फुलं पडली. घरातल्या मारहाणीचं काय?

हैदराबाद : 6 डिसेंबर 2019. शादनगरजवळ अत्याचार आणि खुनाच्या प्रकरणातले चार संशयित पोलिसांच्या गोळीबारात ठार झाले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. पुढे निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर आयोगाने सांगितलं, की जीव घेण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या. हा अहवाल 2022 मध्ये जाहीर झाला, तेव्हा मात्र फारशी चर्चा झाली नाही.

मुद्दा असा, की गोळीने संताप शमतो, पुढची मारहाण थांबत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) तेलंगणात 18 ते 49 वयाच्या सुमारे 37 टक्के विवाहित महिलांनी नवऱ्याकडून हिंसा सोसली. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे 25 टक्के. म्हणजे धोका अंधाऱ्या रस्त्यापेक्षा घरात जास्त.

जागतिक आरोग्य संघटनेने 2002 च्या अहवालात हिंसेला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानलं. डेंग्यूत रुग्ण दगावेपर्यंत कुणी थांबत नाही. आधी साचलेलं पाणी शोधतात. इथंही तसंच. मारहाण कुठं होते, कुणाला होते, आधी कुणाला कळतं, हे पाहायचं.

हैदराबादेत काहीच नाही असं नाही. 2014 पासून 'शी टीम्स' छेडछाड करणाऱ्यांना पकडतात, समुपदेशनही करतात. 2016 मध्ये 'भरोसा' केंद्र आलं. पोलीस, उपचार, कायदेशीर सल्ला एकाच छताखाली. पण तिथं पोचायला बाईला आधी उंबरठा ओलांडावा लागतो. दवाखान्यात मात्र ती 'पाय घसरून पडले' म्हणत येतेच. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली सुरू झालेल्या 'दिलासा'ने हेच हेरलं. जखम बांधताना नर्सने एकांतात विचारायचं, 'घरी सगळं ठीक ना?'

सीमाभागासाठी हे परकं नाही. देगलूर, धर्माबादच्या लेकी तिकडं नांदतात, तिकडच्या इकडं. त्रास सहन न होऊन माहेरी परतलेल्या बाईला तिथूनच तक्रार करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येच स्पष्ट केलंय. महिला हेल्पलाइन 181 दोन्ही राज्यांत आहे.

पण पहिली चाहूल लागते ती शेजारणीला, आशाताईला, भावाला. 'त्यांच्या घरातलं भांडण' म्हणून त्यांनी दार लावून घेतलं, तर कायदा पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.