दहा टक्क्यांच्या आतली चोरी

प्रति,
मा. अध्यक्ष,
विद्यापीठ अनुदान आयोग,
नवी दिल्ली

विषय : विद्यापीठीय संशोधनातील गैरप्रकार आणि २०१८ची नियमावली

पीएच.डी.चा प्रबंध दाखल करताना त्यासोबत ‘प्लॅगरिझम रिपोर्ट’ जोडावा लागतो. वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी आयोगाने जुलै २०१८मध्ये जी नियमावली काढली, तिच्यात चोरीच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळले तर शिक्षा नाही. ४० टक्क्यांपर्यंत गेले तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यायचा. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभराची बंदी, आणि त्यापुढे नोंदणी रद्द. सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य मोजणीत धरले जात नाही. ३०० पानी प्रबंधात १० टक्के म्हणजे ३० पाने होतात. निष्कर्षाचे अख्खे प्रकरण त्यात मावते. आधीच्या मसुद्यात गृहीतके, निरीक्षणे, निष्कर्ष अशा गाभ्याच्या भागांत उचलेगिरी अजिबात खपवून घेतली जाणार नाही, अशी तरतूद होती. अंतिम नियमावलीत या भागांत साम्य नसावे एवढी टीप उरली, त्यासाठीची वेगळी शिक्षा गळाली. मसुद्यातला सर्वांत शहाणा भाग नेमका तोच होता.

तपासणीचे सॉफ्टवेअर इन्फ्लिबनेटच्या ‘शोधशुद्धी’ उपक्रमातून २०१९पासून विद्यापीठांना मोफत मिळते. ते शब्द जुळवून पाहते, कल्पना कोणाची हे त्याला कळत नाही. त्यामुळे ‘टक्का खाली आणणे’ हे प्रबंधलेखनातले एक स्वतंत्र काम होऊन बसले आहे. वाक्याचा कर्मणी प्रयोग करायचा, शब्दाला प्रतिशब्द घालायचा. तेही जमत नसेल तर हे काम करून देणारी साधने आहेत आणि माणसेही. या प्रतिशब्दांचा कहर २०२१मध्ये गियोम काबानाक, सिरिल लाब्बे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह यांनी उघड केला. छापून आलेल्या शोधनिबंधांत ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफीट कॉन्शसनेस’ आणि ‘ब्रेस्ट कॅन्सर’च्या जागी ‘बुझम पेरिल’ असे प्रयोग त्यांना सापडले. हे निबंध समीक्षकांच्या नजरेखालून गेले होते, निदान तसा दावा होता. मराठीत तर एवढी मेहनतही लागत नाही. इंग्रजी ग्रंथातले प्रकरण भाषांतर करून घातले की शब्द जुळवणारे यंत्र सहसा गप्प बसते.

याहून गंभीर प्रकार टक्केवारीच्या कक्षेतच येत नाही. शिक्षणशास्त्र, वाणिज्य, व्यवस्थापन या विषयांतले कितीतरी प्रबंध प्रश्नावलीवर उभे असतात. शेकडो प्रतिसादकांच्या प्रश्नावल्या घरी बसून भरल्या, त्यांची कोष्टके केली आणि काय-वर्ग चाचणी लावून गृहीतक ‘स्वीकारले’, तर त्या आकड्यांचे साम्य कशाशीच निघणार नाही. विज्ञानशाखेतही न केलेल्या प्रयोगाचा आलेख असाच निर्मळ दिसतो. निव्वळ बनावट प्रबंध या तपासणीत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो. व्हायव्हात मूळ भरलेल्या प्रश्नावल्या किंवा प्रयोगशाळेची वही मागितली जात असेल, तर तो परीक्षकाचा वैयक्तिक चोखंदळपणा. नियमाची सक्ती नव्हे.

या साऱ्याची कारणे माणसाच्या लबाडीत शोधणे सोपे आहे, पण लबाडीला भाव कोणी दिला हेही पाहावे लागते. २०१०च्या नियमांनी शिक्षकांच्या नेमणुका व बढत्यांना एपीआयचे (शैक्षणिक कामगिरी निर्देशांकाचे) गुण जोडले. पेपर, पुस्तक, परिषद, प्रत्येकाचा दर ठरला. एका रात्रीत आयएसएसएन क्रमांकाला बाजारभाव आला. पैसे भरले की आठवड्यात लेख छापणारी मासिके निघाली. दोन दिवसांच्या ‘राष्ट्रीय’ परिषदेच्या शुल्कात पिशवी, जेवण, प्रमाणपत्र आणि विशेषांकातला लेख असे सगळे मिळू लागले. शेन आणि ब्योर्क या संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे २०१४मध्ये जगभरातील अशा लुटारू नियतकालिकांत सुमारे ४.२ लाख लेख छापले गेले, आणि त्यांच्या नमुन्यातील ३५ टक्के लेखक भारतीय होते.

आयोगाने यावर मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. ती यादीच रोगट निघाली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या १,००९ नियतकालिकांची छाननी भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली आलेल्या त्यांच्या लेखानुसार त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट ठरत होती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावे वगळली. पुढे २०१९मध्ये ‘केअर’ यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तीही बंद झाली. नियतकालिकाची पारख आता संस्थांनी करायची आहे. ज्या विद्यापीठांनी पहिल्या यादीत ती नावे भरली, त्यांच्याच हाती पुन्हा चाळणी आली.

आयोगाने काही गाठी सोडवल्याही आहेत. प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची २०१६ची सक्ती २०२२च्या नियमांनी काढली, हे चांगलेच झाले. पण उमेदवाराची प्रकाशनांची गरज त्यामुळे संपली नाही. विद्यापीठात सहयोगी प्राध्यापक व्हायला किमान ७ आणि प्राध्यापक व्हायला १० प्रकाशने, शिवाय संशोधन गुण, ही २०१८च्या नियमांतली मोजणी आहे. महाराष्ट्रात पूर्णवेळ जागांची भरती वर्षानुवर्षे अडलेली असते आणि तासिका तत्त्वावर शिकवणारा उमेदवार पुढच्या जाहिरातीची वाट पाहत पात्रता वाढवत राहतो. दिवसभर दोन महाविद्यालयांत तास घेणाऱ्याकडे प्रयोगशाळा नसते, चांगले ग्रंथालय नसते, वेळ तर नसतोच. त्याला हवे असते ते प्रकाशन, आणि बाजारात तेच विकायला ठेवलेले असते. यात चोरीचे समर्थन नाही. पण शिक्षा नेहमी याच टोकाला होते, हे लक्षात घ्यावे लागेल. दुसऱ्या टोकाला गाइड असतो. एका प्राध्यापकाकडे एकाच वेळी ८ पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात. प्रत्येक प्रबंधावर ‘हे संशोधन माझ्या मार्गदर्शनाखाली झाले’ अशी गाइडची सही असते. ते काम बनावट निघाले तर त्या सहीचे काय करायचे, यावर व्यवस्था फारसे बोलत नाही.

चौकशीची रचनाही बहुतांशी घरातल्या घरात आहे. विभागीय समितीचे अध्यक्ष विभागप्रमुख असतात, तिच्यावरची समिती त्याच विद्यापीठाची. तक्रार विभागप्रमुखाच्या गटातल्या माणसाविरुद्ध असेल तर तक्रारदार विद्यार्थ्याचे पुढे काय होते, हे कोणत्याही आवारात विचारता येईल. कुमाऊँ विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंवरील वाङ्मयचौर्याचा आरोप धसाला लागला, तो २००२मध्ये स्टॅनफर्डच्या पदार्थवैज्ञानिकांनी थेट राष्ट्रपती अब्दुल कलाम यांना पत्र लिहिल्यानंतर. बाहेरून चौकशी झाली आणि २००३मध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. प्रत्येक तक्रारदाराच्या पाठीशी स्टॅनफर्ड नसते. प्रकरण दडपण्याचा मोह क्रमवारीही वाढवते. एनआयआरएफच्या राष्ट्रीय क्रमवारीत मागे घेतलेल्या शोधनिबंधांसाठी २०२५पासून गुण कापले जातात. हा विषय आयोगाच्या अखत्यारीबाहेरचा असला, तरी त्यातली मेख आयोगाने मंत्रालयाच्या कानावर घालावी : चूक कबूल करून निबंध मागे घेणारी संस्था गुण गमावते, दडपणारी राखते.

आयोगाच्या हातात असलेल्या गोष्टी मोजक्या आहेत. गाभ्याच्या भागांतील उचलेगिरीसाठीची वगळलेली शिक्षा परत आणता येते. चौकशी समित्यांत बहुमत बाहेरच्या सदस्यांचे करता येते, आणि प्रत्येक विद्यापीठाकडे वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, हे नावे न देता जाहीर करायला लावता येते. प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर चढतो, तसा त्यामागचा मूळ विदाही, प्रतिसादकांची ओळख काढून, सोबत ठेवण्याची अट घालता येते. आणि बढतीच्या अर्जात प्रकाशनांची संख्या विचारण्याऐवजी उमेदवाराने स्वतः निवडलेले तीन लेख मागवावेत, ते दुसऱ्या राज्यातील दोन तज्ज्ञांकडे द्यावेत आणि त्यांनी ते वाचल्याचा लेखी अभिप्राय निवड समितीपुढे ठेवावा. आजच्या पद्धतीत मुलाखतीच्या टेबलावर लेखांची बाडे असतात आणि ती मोजली जातात. उघडून पाहायला तेवढा वेळच ठेवलेला नसतो.