विटाळ बाईचा कीं अज्ञानाचा?

दरवर्षीं भाद्रपद शुद्ध पंचमीस आमच्या वऱ्हाडांत अनेक घरच्या बायका ऋषिपंचमी धरतात. त्या दिवशीं बैलाच्या कष्टाचें अन्न खावयाचें नाहीं, असा नेम आहे. वर्षभर बैलांच्या मागें राबणारी, कपाशी वेंचणारी, सोयाबीन सोंगणारी बाई एक दिवस बैलाचें अन्न सोडते तें कशासाठीं? तर पाळीच्या दिवसांत चुकून कोणास शिवल्याचा दोष फिटावा म्हणून! हा दोष तिच्या माथीं कोणीं मारला? तैत्तिरीय संहितेंत कथा आहे कीं, इंद्रानें विश्वरूपास ठार केलें, आणि त्या ब्रह्महत्येच्या पापाचे तीन वांटे पृथ्वी, वृक्ष व स्त्रिया यांच्या गळ्यांत घातले. बायकांची पाळी हा म्हणे तो तिसरा वांटा! खून केला देवांच्या राजानें, आणि सजा भोगावी शेतकऱ्याच्या लेकीनें. असला निवाडा गांवच्या चावडीवरहि कोणी ऐकून घेणार नाहीं.

आणि या विटाळाची मौज तर पाहा. बाईस कावळा शिवला कीं चुलीला विटाळ होतो, देवाला होतो, पाण्याच्या माठाला होतो. परंतु निंदणाला होत नाहीं! ती देवघरांत चालत नाहीं, पण भर उन्हांत कपाशीच्या तासांत वांकलेली चालते. कित्येक म्हणतात, "वडिलांनीं ही चाल बायकांस विसांवा मिळावा म्हणून घातली." विसांवा द्यावयाचा असेल तर खुशाल द्यावा, त्यासाठीं बाईस घराबाहेर बसविण्याचें कारण काय?

आतां खरें काय तें ऐका. बाईच्या ओटीपोटांत गर्भाशय असून त्याच्या दोन्ही बाजूंस दोन बीजकोश असतात. दर महिन्यास बहुधा एक बीज पक्व होऊन सुटतें. गर्भ राहिलाच तर त्यास आसरा हवा, म्हणून गर्भाशयाच्या आंतून रक्ताचें मऊ अस्तर तयार होतें. पाहुणा येणार म्हणून घरांत अंथरूण घालावें, आणि तो न आल्यास तें काढून ठेवावें, तसाच हा प्रकार आहे. गर्भ न राहिल्यास तें अस्तर सुटून बाहेर पडतें, हीच पाळी. तें रक्त सडकें नव्हे, पापाचें नव्हे. हातापायांत खेळणारें तेंच रक्त. तें बाहेर लोटण्यासाठीं गर्भाशय आवळतें, म्हणून ओटीपोट व कंबर दुखते. २१ ते ३५ दिवसांनीं पाळी यावी, २ ते ७ दिवस राहावी, हें साधारण मान आहे. एका पाळींत सुमारें ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोनतीन मोठे चमचे रक्त जातें. मुलीस प्रथम पाळी आल्यावर वर्ष दोन वर्षें ती मागेंपुढें होते. त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. लोणचें नासतें तें ओल्या चमच्यानें आणि कमी मिठानें. बाईच्या हातानें नव्हे.

मग धोका कशांत आहे? पहिला धोका लोह कमी होण्यांत. एक मिलिलिटर रक्तांत सुमारें अर्धा मिलिग्रॅम लोह असतें. चाळीस मिलिलिटर गेलें कीं वीस मिलिग्रॅम लोह गेलें. घरांत सर्वांच्या मागून, उरलेलें शिळें खाणारीनें तें भरून काढावें कोठून? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरीं ५४ बायकांस रक्तक्षय आढळला. धाप, चक्कर, फिकट नखें, माती खावीशी वाटणें हीं त्याचीं लक्षणें होत. हरभरा, तीळ, बाजरी, पालेभाजी, जेथें खातात तेथें मटण व कलेजी तिच्या ताटांत प्रथम पडली पाहिजे. वर लिंबू पिळावें, जेवणावर लगेच चहा घेऊं नये. मुलींस आठवड्याची लोहाची निळी गोळी शाळेंत व अंगणवाडींत मिळते. ती फेंकूं देऊं नका.

दुसरा धोका लाजेचा. शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोदकडील खारपाणपट्ट्यांत गोड्या पाण्याची वाण, म्हणून कापड नीट धुवत नाहीं. आणि लाजेनें तें अंधारांत, ओलसर कोपऱ्यांत वाळत घालतात. त्यांतून रोग होतो. कापड साबणानें धुवून कडक उन्हांत वाळवावें, दर चारसहा तासांनीं बदलावें. उन्हास विटाळ होत नाहीं!

तिसरा धोका सर्वांत भयंकर. आमच्या जिल्ह्यास लागून जालना, आणि जालन्यास लागून बीड. त्या बीड जिल्ह्यांत २०१९ सालीं सरकारी समितीनें सुमारें ८२,००० ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांपैकीं १३,००० हून अधिक बायकांचीं गर्भाशयें काढलेलीं निघालीं! खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, फडांत पाणी नाहीं, आडोसा नाहीं, अंगावरून जातें म्हणून गेल्यास कोणी डॉक्टर कर्करोगाची भीति घालतो. मग कर्ज काढून पिशवी काढून टाकतात. बीजकोशहि गेले तर ऐन तिशींत हाडें ठिसूळ होऊं लागतात, आणि कर्ज फेडण्यास पुन्हां कोयता हातीं येतो.

म्हणून सांगतों. रक्तस्राव आठ दिवसांवर गेला, तासातासाला कापड भिजूं लागलें, मोठ्या गांठी पडल्या, पाळी कायमची गेल्यावर पुन्हां रक्त दिसलें, किंवा मुलीस सोळाव्या वर्षापर्यंत पाळी आली नाहीं, तर आशाताईस सांगून सरकारी दवाखाना गांठावा. पिशवी काढा असें कोणी म्हणाल्यास दुसऱ्या डॉक्टरास विचारल्यावांचून होकार देऊं नये.

बुलढाण्याच्याच ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांस जाब विचारला, तेव्हां जोतीराव फुले त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. देऊळगांव राजा तालुक्यांतील मेहुणाराजा हें चोखोबांचें जन्मगांव मानतात. त्यांच्या पत्नी सोयराबाई यांनीं तर कित्येक शतकांपूर्वीं आपल्या अभंगांत या विटाळाचाच प्रश्न उभा केला. त्यांच्या जिल्ह्यांतील मुलगी पहिल्या पाळीच्या दिवशीं आपणांस कांहीं भलतेंच झालें म्हणून गोठ्याच्या कोपऱ्यांत रडत बसावी, ही आम्हां सर्वांस लाज आहे.

शेतकरी बंधूंनो, बैलानें एक वेळ वैरण सोडली तर तुम्ही रातोरात गुरांच्या डॉक्टराकडे धांवतां. घरची लक्ष्मी सहा सहा महिने अंगावरून जातें तें सोसते, आणि तुम्हांस त्याची वार्ताहि नसते. आज संध्याकाळीं जेवतांना तिला एवढेंच विचारा : "तुला त्रास तर होत नाहीं ना?" ऋषिपंचमीच्या शंभर उपवासांनीं जें होणार नाहीं, तें या एका प्रश्नानें होईल.